नटावरची लाल रेष

आमच्या भावोजींना कुणी किती वाजले ते सांगितलं, तर ते आधी सांगणाऱ्याच्या मनगटाकडे बघतात आणि मग स्वतःच्या. हा स्वभाव त्यांना नोकरीनं लावला की स्वभाव बघूनच नोकरी मिळाली, हे मला अजून उमगलेलं नाही. वजनमापे निरीक्षक म्हणून त्यांनी उभा जन्म दुकानदारांचे तराजू तपासण्यात घालवला. बाजारात त्यांना सगळे तराजूसाहेब म्हणत. ते कोपऱ्यावर दिसले की पारड्याखाली चिकटवलेलं मेण आपोआप वितळायचं, असं ताई सांगते. ताई म्हणजे त्यांची बायको, माझी सख्खी मोठी बहीण. मी त्यांच्या मागच्याच गल्लीत राहते. कॅनव्हास, ताडपत्री, पिशव्या, गाड्यांची कव्हरं शिवणं हा माझा धंदा. आणि मेहुणी असल्यामुळे भावोजींची थट्टा करायचा परवाना मला त्यांच्या लग्नातच मिळालेला आहे, तो मी दरवर्षी नव्यानं काढत बसत नाही.

निवृत्त झालेली माणसं झाडांना पाणी घालतात, पेपरातली कोडी सोडवतात. भावोजींकडे गाडी होती. दोन सीटांची, कापडी टपाची, ठेंगणी, ज्यांना स्पोर्ट्स म्हणतात त्यातली. कुणाच्या तरी शेडमध्ये ती कोंबड्यांचं खुराडं होऊन पडली होती, तिथून यांनी ती ओढत आणली. टप मागे सारला की डोक्यावर सगळं आभाळ, आणि लावला की आत कोठडीसारखा अंधार. रंग हिरवा असावा, असा सर्वांचा अंदाज होता. ती चालती करायला त्यांना बरीच वर्षं लागली आणि ती सगळी वर्षं ताईनं स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये काळे ग्रीस लागलेले भाग बघत काढली.

सुरुवातीला त्यांनी गाडी चौकातल्या मेकॅनिककडे टाकली होती. त्यानं सांगितलेलं काम केलंच, वर न सांगता पाण्याच्या नळीची सडकी क्लिपही बदलून दिली. दुसरा कुणी असता तर आभार मानले असते. भावोजी म्हणाले, "न विचारता ज्यानं हे बदललं, त्यानं आणखी काय काय बदललं असेल?" झालं. त्या दिवसापासून गाडीला परक्याचा हात लागायचा नाही, असा कायदा निघाला. ते स्वतःच शिकले. दाराच्या रबरी पट्ट्यांना टाल्कम पावडर चोळायची म्हणजे त्या चिकटत नाहीत. सीटमागची पाणी वाहून जायची भोकं मऊ तारेनं मोकळी ठेवायची, नाहीतर टपावरचं पाणी आत मुरून तळ कुजतो. टपाची मागची प्लास्टिकची खिडकी पिवळी पडली की टूथपेस्टनं घासायची. या शेवटच्या शोधामुळे ताईकडे पाहुण्यांना कधीकधी दात घासायला मीठ मिळे.

एक काम मात्र एकट्यानं होत नाही, ब्रेकच्या तेलातली हवा काढायचं. एकानं खाली पडून झडप सैल करायची आणि दुसऱ्यानं आत बसून पायाने ब्रेक दाबायचा. हे दुसरं माणूस म्हणजे ताई. "दाब... धर... धर म्हणतो ना... सोड." मी पिशव्यांचे नमुने दाखवायला जायची तेव्हा गॅरेजमधून हे ऐकू यायचं. संसारात इतकी वर्षं दोघांत नीट संवाद झालेला मी तेवढाच ऐकला. ताई आत बसल्या बसल्या वाटाणे सोलायची, पण ऐकायची सगळं. कोणता पाना कुठे लागतो, कुठला नट किती आवळायचा, हे तिला पाठ झालं होतं. तिला येतं हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तिला कुणी विचारलंच नाही.

आणि शिक्के! नोकरीत भावोजी तपासलेल्या प्रत्येक वजनावर शिक्का मारत. ती सवय सुटेना. लग्न ठरल्यावर त्यांनी ताईसाठी लाल नेलपॉलिशची बाटली आणली होती. ताईला तो प्रकार कधी आवडला नाही. ती बाटली पुढे हत्यारांच्या कपाटात गेली, संपली की तसलीच दुसरी यायची. भावोजी नट आवळून झाला की त्यावर बारीक ब्रशनं एक रेष ओढत, अर्धी नटावर आणि अर्धी खालच्या पत्र्यावर. नट जरा जरी फिरला तरी रेष तुटलेली दिसायची. कपाटाला कुलूप आणि किल्ली त्यांच्या खिशात. रंगच चोरीला गेला तर शिक्क्याला अर्थ काय, असं त्यांचं म्हणणं.

तर एके दिवशी त्यांनी मला निरोप पाठवला, टप उसवलाय, सुई-दोरा घेऊन ये. मी गेले, तर गॅरेजचं दार अर्धंच उघडलं.

"येताना कुणी पाहिलं तुला?"

"अख्ख्या गल्लीनं. का, लपून यायचं होतं?"

त्यांनी मला आत ओढलं आणि पुढच्या डाव्या चाकाशी बसवलं. टप उसवला होता हे खरं होतं, पण बोलावण्याचं कारण ते नव्हतं.

"तू दोऱ्यांचे रंग जुळवतेस. हा बघ. लाल आहे का?"

मी वाकून पाहिलं. चाकाच्या नटावर रेष होती, अर्धी नटावर, अर्धी रिमवर, अगदी त्यांच्या पद्धतीची. पण रंग त्यांचा नव्हता. त्यात गुलाबी झाक होती. शेजारच्या नटावरही तीच. नीट पाहिलं तर पुसलेल्या जुन्या रेषेचा पुसट डागही दिसत होता, नटावरचा एकीकडे, रिमवरचा दुसरीकडे.

"नाही," मी म्हणाले. "हा लाल वेगळाय."

भावोजींनी डोळे मिटले. जन्मभर ज्याची वाट पाहिली तो चोर अखेर घरी आल्यासारखं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर पसरलं. "कुणीतरी माझ्या चाकांना हात लावतंय. वर माझाच शिक्का खोटा मारतंय."

आता यात हसण्यासारखं होतं, पण मला हसू आलं नाही. कारण येत्या रविवारी ते दोघं याच गाडीतून डोंगरापलीकडे लेकीकडे जाणार होते. लेकीला मुलगी झाली होती. आजी-आजोबांनी नातीला अजून पाहिलं नव्हतं, आणि मधला रस्ता वळणावळणांचा, एका बाजूला दरी. त्या रस्त्यावर चाक सैल होणं म्हणजे काय, हे सांगायला तराजूसाहेब व्हायला नको.

भावोजींकडे संशयितांची कमी नव्हती. पहिला चौकातला मेकॅनिक. क्लिपचं प्रकरण झाल्यावर त्यानं चारचौघांत म्हटलं होतं की ही गाडी भंगारात शोभेल. दुसरा शेजारी, ज्याला सगळे कर्नल म्हणतात. तो सैन्यात कधीच नव्हता, फक्त मिशा तशा आहेत. गाडीच्या धुरानं त्याचे वाळत घातलेले शर्ट काळे होतात ही त्याची कायमची तक्रार. तिसरा जावई. त्यानं फोनवर सांगितलं होतं, "बाबा, यंदा बसनं या ना."

"बसनं या असं का म्हणाला तो?" भावोजींनी मला विचारलं.

"काळजीनं."

"की गाडीचं काय होणार हे त्याला आधीच माहीत होतं?"

संशयाला औषध नाही. ते रोज नट सोडून पुन्हा स्वतः आवळू लागले, वर आपली रेष ओढू लागले आणि त्यांनी सापळाही लावला. रबराला चोळायची टाल्कम पावडर गॅरेजच्या फरशीवर चाळणीनं पसरली आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला पुन्हा बोलावणं आलं. पावडरीत पावलं उमटली होती. दारापासून चाकापर्यंत आणि परत. भावोजी गुडघ्यावर बसून मोजपट्टी लावत होते. मग त्यांनी पायातली चप्पल काढून एका ठशावर ठेवली. तंतोतंत बसली. टाचेशी झिजलेला कोपरासुद्धा.

"बघितलंस?" ते कुजबुजले. "माझीच चप्पल घालून आला. काय धाडस आहे मेल्याचं!"

ते चोराच्या धाडसावर बोलत राहिले आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. माझा संशय वेगळाच होता, आणि तो मला त्यांच्या संशयापेक्षा जास्त भीतीदायक वाटला. त्यांचीच चप्पल. कपाटाची किल्ली त्यांच्याच खिशात. म्हणजे हे स्वतःच येऊन नट आवळतात, रेष ओढतात आणि विसरून जातात की काय? कधी दुसरीच बाटली विकत आणली असेल, तीही विसरले असतील. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या बाबतीत असा विचार मनात आला की तो जात नाही. मी ताईला काही बोलले नाही. ठरवलं, आपणच लक्ष ठेवायचं.

टपाचं आतलं अस्तर शिवायचं राहिलं होतंच. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर भावोजी नेहमीप्रमाणे आडवे झाले. मी गॅरेजमध्ये गेले, टप लावलेला ठेवून आत सीटवर उताणी पडले आणि वरच्या अस्तराला टाके घालू लागले. अंधारात, तोंडावर दोऱ्याची टोकं पडत होती. थोड्या वेळानं दार वाजलं. सपक सपक चपलांचा आवाज आला. भावोजींच्याच चपला. मी डोकं जरा उचलून काचेतून पाहिलं.

ताई होती.

तिनं पदर खोचावा तशी एप्रनची टोकं खोचली, भिंतीवरचा चाकाचा पाना खाली काढला, डाव्या चाकाशी बसली आणि पहिल्या नटाला तो लावून अंगाचा सगळा भार टाकला. नट कुरकुरला आणि फिरला. मग दुसरा. तिनं खिशातून बोळा काढून जुनी रेष पुसली आणि एक छोटी बाटली बाहेर काढली. मी उठून बसले तशी ती इतकी दचकली की ब्रश तिच्या नाकाला लागला.

"तू इथे काय करतेस?" तिनंच मला विचारलं. आमची ताई अशीच आहे.

"मी टप शिवतेय. तू काय करतेस ते सांग. आणि त्यांच्या चपला का घातल्यास?"

"मागच्या दाराशी त्याच असतात गं! माझ्या पुढच्या दाराशी. घरातून फिरून कोण जाईल?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. मी हसायला लागले, पण ताई हसली नाही. ती चाकाला टेकून खाली बसली आणि पाना मांडीवर घेतला.

"मागे आम्ही बाजारातून येत होतो ना, तेव्हा गाडी थरथरायला लागली. हे म्हणाले, रस्ता खराब आहे. रस्ता चांगला होता. घरी आल्यावर हे झोपले तेव्हा मी पाना लावून बघितला. सगळे नट एका हातानं फिरले. यांनी आदल्याच दिवशी आवळले होते, मी समोर होते. चेहरा लाल होईपर्यंत आवळले होते." तिनं मांडीवरचा पाना उलटा केला. "हातात जोर राहिला नाही त्यांच्या. शेवटचा हिसका बसत नाही. गाडी चालवतात बघ कशी, अगदी झोकात. पण हे नाही जमत आता."

"मग सांगून टाक ना."

"काय सांगू? जन्मभर त्यांनी लोकांची वजनं तपासली. आता त्यांच्या मागून मी त्यांचं तपासते, हे कुठल्या तोंडानं सांगू?" तिचे डोळे भरले. "ते भांडणार नाहीत गं. भांडले असते तर सांगितलं असतं. ते गाडीवर कव्हर घालतील आणि खुर्चीत जाऊन बसतील. मग उठणारच नाहीत त्या खुर्चीतून."

मी तिला वचन दिलं की ताकास तूर लागू देणार नाही. बाटली तिची मीच बदलून आणून देते असंही म्हणाले, खऱ्या रंगाची. माझा राग भावोजींवर होता, की इतक्या सगळ्यांवर संशय घेतला आणि जिच्यावर घ्यायचा तिच्यावर कधी घेतला नाही. तिला काही येत असेल हे मनातच आलं नसणार. पण मनातून मला हायसं वाटलं होतं. भावोजींचं डोकं शाबूत होतं.

शनिवारी सकाळी मी बाटली घेऊन गेले, तर भावोजी इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. नोकरीत धाड घालायला जाताना घालायचे तसा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला.

"चल. तू साक्षीदार. मेकॅनिककडे जायचंय. चारचौघांत विचारतो त्याला. रंगाचं तू सांग."

"पुरावा काय?" मी विचारलं.

"पुरावा तो स्वतःच देईल, घाम फुटला की. नाही दिला तर पोलिसांत जातो. आणि चोर सापडेपर्यंत गाडी गॅरेजबाहेर निघणार नाही. उद्याचं रद्द."

आत ताई नातीसाठी घेतलेले कपडे पिशवीत भरत होती. तिचे हात थांबलेले मला दारातून दिसले. इकडे हा माणूस एका निरपराध माणसाची अब्रू घ्यायला निघालेला. मी त्यांना अडवायला तोंड उघडलं आणि नको ते निघून गेलं.

"भावोजी, चोर नट सैल करतो. हा आवळून गेलाय. जुन्या डागांवरून दिसत नाही का तुम्हाला?"

भावोजी पायरीवरच थांबले. मी जीभ चावली, पण शब्द परत येत नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग ताईकडे नाही, तर स्वतःच्या हातांकडे पाहिलं. ते वळले आणि गॅरेजमध्ये गेले. मी मागोमाग.

त्यांनी पाना घेतला. उजव्या बाजूच्या चाकाचा एक नट पूर्ण सैल केला आणि पुन्हा आवळायला लागले. दात आवळले, मान ताठ झाली, शर्टाचं वरचं बटण तुटून फरशीवर घरंगळलं. शेवटी श्वास सोडून ते बाजूला झाले आणि पाना माझ्या हातात दिला.

"तू आवळ."

पाना हातात आला तेव्हा मला कळलं की आता सगळं माझ्यावर आहे. मी दिवसभर जाड कॅनव्हास ओढते, माझे पंजे लोखंडी आहेत. जोर लावला असता तर नट फिरला असता, आणि ताई म्हणाली तशी खुर्ची समोर दिसत होती. मी पाना धरला, तोंड वेडंवाकडं केलं, कण्हले.

"हलत नाही. पक्का बसलाय."

"खोटं," भावोजी शांतपणे म्हणाले. "तू जोर लावला नाहीस. तुझ्या मनगटाची शीरसुद्धा उठली नाही. मी आयुष्यभर माणसांचे हातच बघितलेत, तराजू नाही." मग त्यांनी आवाज दिला, "अगं, जरा इकडे ये."

ताई दारात आली. पायात त्यांच्याच चपला. भावोजींनी आधी त्या चपलांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पाना तिच्यापुढे धरला.

"लाव जोर. खरा."

"अहो, कशाला..."

"खरा लाव म्हणतो ना."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. ती बसली, पाना लावला आणि भार टाकला. नट कुरकुरला. फिरला, चांगला पाव फेरा फिरला आणि मग थांबला. कर्नलच्या घरातली पाण्याची मोटर तेवढी घरघरत होती.

"कमी भरलं," भावोजी म्हणाले.

तराजूतलं माप कमी भरलं की दुकानदाराला ते हेच सांगायचे, याच आवाजात. त्यावर वाद नसायचा. ताई रडायला लागली. मलाही रडू आलं, आणि स्वतःचा संताप आला, की तोंड बंद ठेवता आलं नाही. मी कोपऱ्यातल्या गाडीच्या कव्हरकडे पाहत होते. ते मीच शिवलेलं आहे. आता ते उचलतील आणि घालतील, असं मला वाटलं.

भावोजींनी खिशातून किल्ली काढली. कपाट उघडलं, लाल बाटली घेतली आणि ताईपुढे धरली.

"शिक्का मार."

"मी?"

"ज्यानं तपासलं त्याचा शिक्का. नियम आहे." मग ते माझ्याकडे वळून चिडले, "आणि तू काय रडतेस? टपाचा एक टाका अजून सुटलाय मागे. मला दिसत नाही असं वाटलं का तुला?"

ताईनं नाक पुसलं आणि बाटली उघडली. रेष सरळ आली, अर्धी नटावर, अर्धी रिमवर. मग ती एकेक चाक फिरली. भावोजी मागे मागे फिरत होते, प्रत्येक नट आधी स्वतः आवळत होते, मग बाजूला होऊन तिला जागा देत होते. "दाब," असं एकदा त्यांच्या तोंडून निघून गेलं. ताई म्हणाली, "मला कळतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना निरोप द्यायला मी गेले. टप मागे टाकलेला, नातीच्या कपड्यांची पिशवी ताईच्या पायाशी, तिच्या मांडीवर चाकाचा पाना. गाडी सुरू झाली आणि कर्नलनं आपले शर्ट घाईघाईनं आत घेतले. भावोजींनी गिअर टाकायच्या आधी खिशातून बाटली काढली, ताईचा उजवा हात ओढून घेतला आणि अंगठ्यावर एक लाल रेष ओढली.

"अहो, कातडीवर लागलं ना!" ताई ओरडली. "अर्धंच नखावर आलं."

"तसंच लावायचं असतं," भावोजी म्हणाले आणि गाडी चालू लागली.